कच्चे तांदूळ आणि ७.२

२६ जानेवारी २०२४ ला आमच्या पतसंस्थेत झेंडावंदनानंतर रक्तदान शिबिर होतं. दरवर्षी मी टेबलावर बसून नावं लिहून घेते. त्या वर्षी म्हटलं, आपणही देऊन टाकू. फॉर्म भरला. वजन ५६, बीपी ठीक. रक्तपेढीच्या मुलाने बोटाला टोचलं आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात थेंब सोडला. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब सरळ तळाला जातो. माझा जरासा खाली गेला, थबकला आणि वर येऊन तरंगत बसला. त्याने परत एकदा करून बघितलं. तेच.

"ताई, तुमचं नाही घेता येणार. एक सीबीसी करून घ्या."

मी बरं म्हटलं आणि पुन्हा नावं लिहायला बसले. बिस्किटाचा पुडा मात्र मिळाला.

मी कराडची, वय ४२, पतसंस्थेत कॅशला असते. पुढच्या वर्षभरात मला जे तुकड्यातुकड्याने, चुकतमाकत कळलं ते आधी कुणी एका जागी सांगितलं असतं, तर माझे दोन महिने तरी वाचले असते. म्हणून हे लिहितेय.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी तपासणी, लगेच केली का? नाही. मार्च एंड डोक्यावर होता. शिवाय दमणं कुणी आजारात धरतं का? संस्थेचा जिना चढताना मी मधल्या वळणावर मोबाईल काढून बघत उभी राहायचे. मेसेज वगैरे काही आलेला नसायचा. केस गळतात ते बोअरच्या पाण्याने, पाय ओढतात ते दिवसभर उभं राहून, चिडचिड होते ती झोप पुरत नाही म्हणून. माझ्याकडे सगळ्याला कारण तयार होतं.

८ मार्चला महाशिवरात्र होती. आम्ही आगाशिवच्या डोंगरावर दर्शनाला निघालो. निम्म्या वाटेवर माझ्या कानात ठोके ऐकू यायला लागले. छातीत नाही, कानात. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्या पुढे चालल्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "तू बस इथंच सावलीला, मी तुझ्या वाटचं बेलपान वाहून येते." त्या वर जाऊन खाली आल्या तरी मी तिथंच बसलेली. त्याच दिवशी महिला दिन असल्यामुळे लॅबवाल्यांनी 'महिला पॅकेज' काढलं होतं. सीबीसी, शुगर, थायरॉइड मिळून ५९९ रुपये. सोमवारी, ११ तारखेला, जाऊन रक्त दिलं.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.२. पुढे बऱ्याच ओळी लाल होत्या: एमसीव्ही ६३, एमसीएच १८.५, आरडीडब्ल्यू २० (लाल पेशी केवढ्या, त्यांत हिमोग्लोबिन किती, हे सांगणारे आकडे), आणि प्लेटलेट मात्र पावणेपाच लाख, म्हणजे जास्तच. गर्भार नसलेल्या बाईला १२ पाहिजे आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र म्हणतात, हे मी रात्री वाचलं आणि झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटातली जुनी फाइल काढली. २०१९ मध्ये डेंग्यूचा संशय होता तेव्हाचा रिपोर्ट: ९.८. २०२१ मध्ये ताप आला होता तेव्हाचा: ९.१. दोन्ही वेळा प्लेटलेट बघून आम्ही हुश्श केलं होतं आणि कागद फाइलला लावून टाकला होता. वरच्या ओळीवर एकाही डॉक्टरने बोट ठेवलं नव्हतं, आणि मीही नाही. तुमच्या घरी अशी फाइल असेल तर आज काढून बघा. फुकटची तपासणी आहे ती.

एमडी डॉक्टरांची फी ४०० रुपये. त्यांनी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, मग विचारलं, "माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ... असलं काही खावंसं वाटतं का?"

शेजारी नवरा बसलेला. मी खाली बघून म्हटलं, तांदूळ.

दोन वर्षं मी कच्चे तांदूळ खात होते. निवडायला ताट घेतलं की एक मूठ तोंडात जायचीच. इंद्रायणीचे नाहीत, ते मऊ लागतात. रेशनचे, कडक, कडाकड फुटणारे. मग निवडायचे नसले तरी डब्यात हात जायला लागला. पर्समध्ये पुडी ठेवायचे. कॅशचा हिशोब जुळवताना एकेक दाणा दाढेखाली धरायचा. दाढेचा टवका उडाला तेव्हा दातांच्या डॉक्टरला सांगितलं, खडा लागला. नवऱ्याला वाटायचं तांदूळ लवकर संपतात कारण डब्याला मी जास्त भात लावते. त्या केबिनमध्ये मला वाटलं आता हसतील. डॉक्टरांनी फक्त कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "लोह कमी झालं की होतं असं. लोह भरलं की जातं." वाईट सवय नाही, लक्षण आहे, हे ऐकून मला रिक्षात रडू आलं. नवरा म्हणाला, अगं ७.२ काय मरणाचं नाही. त्याला वाटलं मी आकड्यासाठी रडतेय.

फेरिटिन केली, ७०० रुपये. आली ३.८. फेरिटिन म्हणजे कोठारात लोह किती शिल्लक आहे त्याचा अंदाज. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चाची रक्कम. कॅशियरच्या भाषेत सांगायचं तर तिजोरी रिकामी होती आणि काउंटरच्या गल्ल्यावर दुकान चाललं होतं. बी१२ जेमतेम, थायरॉइड ठीक, शौचातून रक्त जातंय का तीही तपासणी झाली, ती ठीक. थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तदोष आहे का ते बघणारी एचपीएलसी तपासणी लगेच नको म्हणाले, कारण लोह फार कमी असताना तिचा आकडा फसवतो. ती मी सप्टेंबरमध्ये केली, नॉर्मल आली.

१३ मार्चपासून गोळी सुरू. फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, १०० मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. तिसऱ्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि मी घाबरून फोन केला. ते व्हायचंच असतं. मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. त्रास खरा होता तो मळमळ आणि बद्धकोष्ठाचा. दहा दिवसांनी मी गुपचूप गोळी बंद केली, चार दिवसांनी अपराधी वाटून परत गेले. डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड घ्या. एक गोळी पोटात गेली की शरीर पुढचा दिवसभर लोह आत घ्यायला कुरकुरतं, त्यामुळे रोज घेऊन फार काही जास्त मिळत नाही, पोटाला मात्र त्रास. एक दिवसाआड मला सोसलं.

चहा हा मोठा प्रश्न. आमच्याकडे उठल्यावर, नाश्त्याबरोबर, संस्थेत गेल्यावर आणि कुणी आलं की. चहातल्या टॅनिनमुळे लोह आतड्यात नीट शोषलं जात नाही. मी शेवटी गोळी पहाटे साडेपाचला पाणी भरायला उठते तेव्हा लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले आणि पहिला चहा सातला. सासूबाईंच्या कॅल्शियमच्या गोळ्या मी 'सोबत एक' म्हणून घ्यायचे, त्याही रात्रीवर टाकल्या. दोन्ही एकत्र घेतल्या की लोहाची गोळी बरीचशी वाया.

आता बीट. ज्याला कळलं त्याने बीट आणलं. डाळिंब, खजूर, काळ्या मनुका, अळिवाचे लाडू, आणि नणंदेने कोल्हापूरहून लोखंडी कढई. कढईला मी नावं ठेवणार नाही, तिच्यातली भाजी चांगली होते. पण लाल दिसतं म्हणून बीटाने रक्त वाढतं ही समजूत काही जात नाही. त्यात लोह शंभर ग्रॅमला मिलिग्रॅमभरसुद्धा नसतं. कोठार रिकामं झालेल्या माणसाला ताटातून ते भरायचं म्हणजे वर्षं लागतील. लाडू मी खाल्ले, कारण आवडतात.

१५ एप्रिलला सीबीसी: ८.३. घरात पेढे आणायचेच बाकी होते.

मग ७ मे. लोकसभेचं मतदान, साताऱ्याची जागा. माझा पाळीचा दुसरा दिवस. शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभी होते आणि समोरच्या बाईच्या साडीची फुलं फिरायला लागली. कुणीतरी खुर्ची दिली, पोलीसदादांनी पाणी दिलं, मत देऊन मी रिक्षाने घरी आले. ९ तारखेला सीबीसी केली: ७.६. दोन महिने गोळ्या, चहाची पथ्यं, आणि जे कमावलं त्यातलं बरंचसं एका पाळीत गेलं. रांजणाला खाली भोक आणि आम्ही वरून तांब्याने पाणी ओततोय.

डॉक्टरांनी गायनॅककडे पाठवलं. खरं तर हे मार्चमध्येच व्हायला हवं होतं, पण तेव्हा पाळी कशी आहे विचारल्यावर मीच म्हटलं होतं, नॉर्मल. गायनॅक मॅडमनी तो शब्द विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, दिवसाला पॅड किती? रात्री उठावं लागतं का? गाठी पडतात का, केवढ्या? मी सांगितलं: पहिले तीन दिवस आठ-नऊ, रात्री दोन एकदम लावून वर टॉवेल, एकूण आठ दिवस, गाठी लिंबाएवढ्या. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे नॉर्मल आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?" कुणीच नाही. आईचं असंच होतं, मावशीचं असंच होतं.

१० मे, अक्षय्य तृतीया. घरी आमरस आणि मी पोटात लिटरभर पाणी घेऊन सोनोग्राफीच्या रांगेत. १,२०० रुपये. अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच भिंतीत शिरलेलं, आणि भिंतीत दोन सेंटिमीटरची एक छोटी गाठ. वय चाळिशीच्या पुढे आणि रक्तस्राव इतका, म्हणून गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. तो रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही. रिपोर्टमध्ये काही वाईट नव्हतं.

तोवर नातेवाइकांचं एकमत झालं होतं: पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. आमच्या भागात साखर कारखान्यांना बीडच्या ऊसतोड टोळ्या येतात. त्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं, हळहळही वाटली होती; तरी घरात वेळ आली की सल्ला तोच. मॅडम म्हणाल्या, शेवटी लागली तर करू. आधी रक्त वाढवू, मग हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवू, तिने बहुतेकींचा रक्तस्राव आटोक्यात येतो. दीर विचारत होता, रक्ताची पिशवीच चढवा ना दोन. त्यालाही नाही म्हणाल्या. धाप बसल्याजागी लागत नाही, छातीत दुखत नाही, मग दुसऱ्याचं रक्त कशाला. शिरेतून लोह देऊ.

किती द्यायचं त्याचं गणित त्यांनी समोर मांडलं. गाठायचं हिमोग्लोबिन १५ धरून त्यातून ७.६ वजा, गुणिले वजन ५६, गुणिले २.४, आणि कोठारासाठी वर ५००. साधारण १,५०० मिलिग्रॅम. दोन वाटा होत्या. उपजिल्हा रुग्णालयात आयर्न सुक्रोज फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. पण एका वेळी २०० च मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाआड सात-आठ फेऱ्या, आणि गर्भार बायकांचा नंबर आधी, जो असायलाच हवा. मी एक दिवस जाऊन आले. साडेआठला केसपेपर, बाराला डॉक्टर, दीडला "सोमवारी या". मला आठ अर्धे दिवस रजा मिळणार नव्हती. दुसरी वाट फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, खासगीत, दोनच खेपा. मी दुसरी घेतली. पहिली वाईट म्हणून नव्हे: आमच्या संस्थेत झाडलोट करणाऱ्या मावशी नंतर त्याच उपजिल्हा रुग्णालयात आठ फेऱ्या करून ७.९ वरून ११ वर आल्या, एक रुपया न खर्चता.

२७ मे आणि ३ जून. पहिल्या खेपेला १,०००, दुसऱ्या खेपेला ५००. सलाइनमध्ये ते औषध मिसळलं की कोऱ्या चहाचा रंग येतो. तीन महिने ज्याला मुकले तेच शिरेतून येतंय असं वाटून मला हसू आलं. नर्सला म्हटलं तर तीही हसली, पण हात हलवू नका म्हणाली. सुई सरकून औषध कातडीखाली गेलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. जरा जरी झोंबलं तरी लगेच सांगा, भिडेपोटी गप्प बसू नका. पंधरा-वीस मिनिटांत संपलं, अर्धा तास नजरेखाली ठेवलं, तीनला मी घरी. दुसऱ्या दिवशी अंग असं दुखलं की जणू भात लावणी करून आले, थोडी कणकण. दोन दिवसांत गेलं.

खर्च: इंजेक्शनं ३,१५० आणि १,७२०, बेड आणि नर्सिंग दोन वेळचे ३,०००, सलाइन-सुया वगैरे ६३०. एकूण ८,५००. इंजेक्शन छापील किमतीला घेऊ नका, दोन मेडिकलमध्ये विचारा. मला दुसरीकडे बाराशे रुपये कमी पडले.

आता मेडिक्लेम. घरची फॅमिली पॉलिसी आहे, हप्ता वेळेवर जातो. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, इंजेक्शनच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं लेबल, सगळे रिपोर्ट, रद्द केलेला चेक, असं सगळं १२ जूनला पाठवलं. ८ जुलैला पत्र आलं: मुक्काम २४ तासांपेक्षा कमी आणि हा उपचार डे-केअरच्या यादीत नाही, सबब दावा अमान्य. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, बाराव्या दिवशी तेच वाक्य परत आलं. पुढे विमा लोकपालांकडे जाता येतं, पैसेही लागत नाहीत. मी गेले नाही. दम नव्हता म्हणा. पॉलिसीच्या मागच्या पानांवर ती यादी असते. उपचाराआधी ती वाचा आणि ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवर "होऊन जाईल मॅडम" म्हणणाऱ्याचं नाव मलासुद्धा आठवत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी तांदूळ निवडायला बसले. ताट मांडीवर, टीव्ही चालू. ताट संपलं, डब्यात ओतलं, आणि डबा वर ठेवताना लक्षात आलं की एकही दाणा तोंडात गेला नाही. मुद्दाम एक टाकून बघितला. पिठूळ, बेचव. थुंकला. आकडा वाढायच्या आधी मला हे कळलं होतं.

१ जुलैला १०.६, २९ जुलैला १२.२. इंजेक्शननंतर महिनाभर फेरिटिन करू नका. ती उगाच भरमसाट येते. मी सप्टेंबरमध्ये केली, ९२.

हार्मोनची ती वस्तू जुलैमध्ये बसवली, ७,५०० रुपये सगळं मिळून. बसवताना दोन मिनिटं जोरात कळ आली. नंतर चार महिने रोज थोडंथोडं स्पॉटिंग. हा काळ चिडचिडीचा गेला, मंगळागौर, गणपती, नवरात्र, प्रत्येक वेळी सासूबाई विचारायच्या, "आज आहे का नाही नक्की?" आणि मलाच सांगता यायचं नाही. दोनदा काढून टाकायला निघाले होते. डिसेंबरपासून महिन्याला दोन दिवस, दोन पॅड.

जानेवारी २०२५ च्या शिबिरात मी पुन्हा नावं लिहायला बसले. हिमोग्लोबिन १२.६ होतं, म्हणजे थेंब बुडाला असता. पण डॉक्टरांनी सांगितलंय, एवढ्यात कुणाला काही देऊ नका.

एक आकडा आशाताईंकडून कळला होता: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी. म्हणजे रांगेत एक सोडून एक. मी ते ऐकून जावांचा विचार केला, मावशींचा केला, आईची सीबीसी करून घेतली. घरातच बघायचं राहिलं.

फेब्रुवारीत लेकीचा कंपास आवरत होते. नववीत आहे. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची. कंपासमध्ये त्या सात निघाल्या. विचारलं तर म्हणाली, "मळमळतं गं, मग बाई बघत नसल्या की ठेवून देते." मी ओरडले नाही, मीही चार दिवस तेच केलं होतं. गोळ्या काढून घेतल्या तर खाली पांढऱ्या खडूचे दोन तुकडे होते. एकाच्या टोकाला दातांच्या खुणा.

"हे कशाला गं?"

"उगाच."

लॅब सकाळी साडेसातला उघडते. सीबीसीला उपाशीपोटी जावं लागत नाही, म्हणून तिला आधी पोहे करून दिले.